सातवा गिअर कशासाठी?

पोर्शेने २०११मध्ये ‘९११’ या स्पोर्ट्स कारला सात गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स दिला. प्रवासी मोटारींमध्ये तो जगातला पहिलाच. पाठोपाठ शेवरलेच्या ‘कॉर्व्हेट’लाही सात गिअर मिळाले. गिअर वाढले म्हणजे वेग वाढला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या ९११चा सर्वाधिक वेग सहाव्या गिअरमध्येच गाठला जाई. सातवा होता महामार्गावर आरपीएम कमी ठेवून इंधन वाचवण्यासाठी.

गिअर जास्त असले, की इंजिनाला त्याच्या ऐन ताकदीच्या टप्प्यात ठेवणे सोपे जाते, हे खरे. पण हाताने गिअर बदलताना क्लच दाबला, की चाकांकडे जाणारी ताकद तेवढा वेळ तुटते. गिअर जितके जवळजवळ, तितक्या वेळा हा खंड. शिवाय आजची टर्बो इंजिने कमी आरपीएमपासूनच भरपूर जोर देतात. ड्युअल-क्लच ऑटोमॅटिकमध्ये पुढचा गिअर आधीच जोडून तयार असतो. त्यामुळे तिथे आठ गिअरही कामाला येतात.

वेगाशी तडजोड न करणाऱ्या ‘९११ आर’ला २०१६मध्ये पोर्शेने सहाच मॅन्युअल गिअर दिले, ते यामुळेच समजण्यासारखे आहे. सातव्या गिअरने पेट्रोल आणि धूर कमी होतो. हाताने चालवायच्या गाडीचा वेग त्याने वाढत नाही.