दूध नको, भीतीचा हिशेब द्या


अ‍ॅलन पेटनची 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' (१९४८) वाचली नि डोकं भणाणलं. कादंबरी खोटी नाही. म्हाताऱ्या पाद्री कुमालोचा पोरगा जोहान्सबर्गात चोरीला शिरतो, गोरा समोर येतो, भीतीनं गोळी सुटते. कोर्टात पोरगा खरं बोलतो, फासावर जातो. सोबतचा चुलतभाऊ नाकबूल करतो, त्याचा बाप वकील देऊन त्याला सोडवतो. गोऱ्यांच्या राज्यात भाऊ भावाचा राहत नाही. इथवर पेटनला सलाम.

पुढं मेलेल्या गोऱ्याचा बाप कुमालोच्या गावातल्या पोरांना दूध धाडतो आणि आपल्यातलेही काही डोळे पुसतात. अरे, वरची हिरवी शेती कुणाची राहिली ते बोला! गोराही भितो, हे पेटनला दिसतं. पण इलाज काय, तर म्हणे त्याचं हृदय पालटेस्तोवर थांबा.

आपण थांबलोच की! २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. निव्वळ नाव. कुणाची गुंठाभर जमीन जात नव्हती. तरी मराठवाड्यात वस्त्या जाळल्या, टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंना मारलं. भ्यालं कोण होतं? ज्याच्या हातात रॉकेल होतं तो. मिलिंदमधनं शिकलेलं पोर गावात येतं, मेलेलं ढोर ओढत नाही, मान वर करून बोलतं, ही त्याची भीती. कुमालोच्या पोराची भीती गुन्हा ठरली. यांच्या भीतीला लोकभावना म्हणून मान मिळाला, ठराव गुंडाळून ठेवला गेला, आणि १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. तेव्हाही 'मराठवाडा' शब्द नावात ठेवूनच. मागितलं होतं नामांतर, पदरात घातला नामविस्तार.