घरातलं विज्ञान : आईंची पट्टी

मैत्रिणींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसावर उगीच आळ घेतला, की मागाहून तो आपल्यालाच किती बोचतो, हे गेल्या महिन्यात मी अनुभवलं.

सासूबाईंना अधूनमधून धडधडायचं. डॉक्टरांनी सात दिवस छातीवर लावायला एक चिकटपट्टी दिली. ती हृदयाचे ठोके टिपते आणि बिनतारी लहरींनी जवळच्या मोबाइलकडे पाठवते. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून फोन. "रात्री दोन ते पाच काहीच आलं नाही. आजींनी पट्टी काढली होती का?" हे लगेच म्हणाले, "आई, खाजली म्हणून काढलीस ना?" वर मीही चार शब्द सुनावले. आई एवढंच म्हणाल्या, "अगं, मी हातसुद्धा लावला नाही." त्या दिवशी त्या धड जेवल्यासुद्धा नाहीत.

मला चैन पडेना. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं, त्यांनी दिलेलं वाचलं, तेव्हा उलगडा झाला.

पट्टीत एक चिमुकला अँटेना असतो. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर. आता आपलं शरीर म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी, तेही खारट. ते या लहरी पिऊन टाकतं. शिवाय तंबोऱ्याच्या तारेला बोट टेकलं की सूर बिघडतो ना, तसा कातडीला चिकटलेल्या अँटेनाचाही सूर बिघडतो.

म्हणून संशोधकांनी कापडाचेच अँटेना बनवले आहेत. त्यांची रचना आपल्या गोधडीसारखी, तीन थरांची. वर वीज वाहणाऱ्या कापडाचा पाचेक सेंटीमीटरचा तुकडा, मध्ये काही मिलिमीटर जाडीचं फेल्ट, आणि अंगाकडच्या बाजूला पुन्हा तसंच, पण मोठं कापड. हे खालचं कापड लहरींना अंगात शिरू न देता बाहेर वळवतं. काही ठिकाणी चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्याने अँटेना चक्क भरतकामासारखा भरतात. आपली अस्सल जर म्हणजेही रेशमावर गुंडाळलेली धातूची तारच की! टाके विरळ पडले तर वीज नीट वाहत नाही, आणि फेल्ट घामाने भिजलं तरी सूर उतरतो. सुती कापड ओल धरतं, म्हणून मधल्या थराला ओल न धरणारं कापड बरं.

अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांचं ठोके दूर पाठवणारं पहिलं यंत्र १९४० नंतरच्या दशकातलं. ते जवळजवळ ३८ किलोचं होतं आणि पाठीवर बांधावं लागे! तिथून आपण चिकटपट्टीपर्यंत आलो.

आता आईंचं सांगते. त्या रात्री त्या भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर झोपल्या होत्या. पट्टी डावीकडेच, म्हणजे गादीत दबलेली. आणि मोबाइल पाठीमागे, दूर कपाटावर मीच ठेवलेला! सातव्या दिवशी पट्टी परत दिली, तर तिच्या स्वतःच्या साठवणीत त्या तीन तासांचे ठोके जसेच्या तसे होते. मी आईंची माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "आता चहा टाक, साखर जरा जास्त घाल."

तुमच्या घरी अशी पट्टी आली, तर एवढं सांभाळा :

● मोबाइल त्याच खोलीत, छातीच्या बाजूला, उघड्यावर ठेवा. स्टीलच्या कपाटात नको.
● कूस बदलली की मोबाइलची जागाही बदला.
● पट्टीवर जाड जरीचा पदर किंवा मोठं लॉकेट येऊ देऊ नका.
● आंघोळीबद्दल दवाखान्यात नीट विचारून घ्या.
● लहरींची भीती वाटली, तर लक्षात ठेवा : पट्टीची ताकद काही मिलिवॅट, तर मायक्रोवेव्हच्या भट्टीची शेकडो वॅट. मात्र पेसमेकर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.
● छातीत कळ आली, तर पट्टी आहे म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

आणि नोंद तुटली, तर आधी मोबाइल कुठे आहे ते बघा. माणसाला बोल मग लावा. बहुधा लावावा लागणारच नाही!