खाऊचा डबा : डाळ वाढवा, गूळ आवरा



शाळा सुरू झाल्या, पाठोपाठ गौरी-गणपतीही आले, आणि घरोघरी पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. दुपारी साडेतीनला पिवळी बस कोपऱ्यावर थांबते, दप्तर दारात पडते आणि फ्रीज उघडून चौकशी सुरू होते, "खायला काय आहे?" रात्रीच्या जेवणाला अजून तीन तास असतात. या तीन तासांत पोटात जे जाते ते बहुतेक पाकिटातले असते. तेव्हा या वेळी आमच्या सदरात कडधान्ये आणि डाळी यांचा गोड खाऊ घ्यायचे ठरवले आहे.

"डाळीचा गोड खाऊ?" असे इकडच्या शेजारणीने विचारले तर समजू शकते. आपल्याला मात्र हा प्रश्न पडायला नको. पुरण म्हणजे दुसरे काय आहे? बेसनाचे लाडू, मुगाचे लाडू, कडबू, सातूचे पीठ, गोव्याकडचे हरभऱ्याची डाळ आणि नारळाचे दूध घालून केलेले मणगणे, एवढेच काय, पाहुण्याच्या हातावर ठेवलेले गूळ-फुटाणे, सगळे डाळींचेच. जपानी लोक अडझुकी नावाच्या लाल दाण्यांचे 'आंको' करतात, ते चवीला आपल्या पुरणाचे चुलतभावंड वाटते. ही अडझुकी आपल्या मूग, उडीद आणि चवळीच्याच कुळातली. खुद्द अमेरिकेत कृष्णवर्णीय मुस्लिम समाजात पांढऱ्या 'नेव्ही बीन्स'चा गोड पाय करतात, त्याला 'बीन पाय' असेच नाव आहे. म्हणजे आपण काही जगावेगळे करत नाही.

गुळाचे गणित

कृतींकडे वळण्याआधी एक स्पष्ट बोलायला हवे. आपल्या घरांत एक समजूत पक्की बसली आहे : साखर वाईट, गूळ चांगला. "अगं, गुळाचेच आहे, घे अजून एक," असे आपण मधुमेह असलेल्या सासूबाईंनाही म्हणतो आणि पाच वर्षांच्या नातवालाही. गुळाला चव आहे, रंग आहे, थोडे क्षारही आहेत. पण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. रक्तात गेल्यावर ती उसाच्या कोणत्या रूपातून आली हे शरीर विचारत नाही. मध आणि खजूर यांचेही तेच. खजुरात तंतू असतात हे खरे, पण एका मोठ्या मेदजूल खजुरात साधारण १६ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे चार चमचे.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये सांगितले की २ ते १८ वर्षांच्या मुलांच्या पोटात दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपेक्षा कमी जावी. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे सहा चमचे. आता आपले पुरण घ्या. घरोघरीचे प्रमाण एकास एक : २०० ग्रॅम डाळ, २०० ग्रॅम गूळ. त्याचे लिंबाएवढे १६ गोळे केले तर एका गोळ्यात साडेबारा ग्रॅम गूळ येतो. दोन गोळे खाल्ले की मुलाची दिवसाची मर्यादा संपली, आणि सकाळचे सीरियल अजून मोजलेच नाही!

हे आम्ही घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण आपल्या लोकांत मधुमेह लवकर आणि कमी वजनातही होतो हे आता डॉक्टरही जाणतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बी.एम.आय.ची मर्यादा २५ वरून २३ वर आणली ती याचसाठी. दिसायला सडपातळ म्हणून निर्धास्त राहण्याची सोय आपल्याला नाही.

मग गोड सोडायचे का? मुळीच नाही. एकास एक ऐवजी एकास अर्धे करायचे. त्याच १६ गोळ्यांत गूळ सहा ग्रॅमवर येतो आणि डाळ तेवढीच राहते. आणि पोट भरते ते डाळीने! शिजलेल्या एक कप काबुली चण्यांत १४ ग्रॅमहून जास्त प्रथिने आणि सुमारे १२ ग्रॅम तंतू असतात. त्यामुळे ते सावकाश पचतात आणि भूक लांबते. खाऊ पौष्टिक ठरतो तो डाळीच्या वाट्यामुळे, गुळाच्या नावामुळे नव्हे. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी आमचे या वेळचे सदर कारणी लागले असे आम्ही समजू.

१. अर्ध्या गुळाचे पुरण आणि टॉर्टियाची घडी

साहित्य : १ कप हरभऱ्याची डाळ, अर्धा कप चिरलेला गूळ, १ चमचा तूप, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ.

कृती : डाळ दोन तास भिजवून कुकरमध्ये मऊ शिजवावी आणि चाळणीवर पूर्ण निथळावी. (कट टाकू नये, आमटी करावी, हे आम्ही सांगायला नकोच.) डाळ गरम असतानाच वाटावी. जाड बुडाच्या पातेल्यात तूप, डाळ, गूळ आणि मीठ घालून आटवावे. गूळ निम्माच असल्याने पुरण कमी पातळ होते आणि नेहमीपेक्षा लवकर आटते, तेव्हा पाठ फिरवू नये. उलथणे मधोमध उभे राहिले की उतरवावे. कोरडे वाटले तर दोन चमचे दूध शिंपडावे. वेलची आणि जायफळ नेहमीपेक्षा थोडे जास्त घालावे. सुवासाने गोडी वाढल्यासारखी वाटते.

रोज पोळ्या लाटायला कोणाला वेळ आहे? कणकेचा टॉर्टिया घ्यावा, अर्ध्या भागावर पुरण पातळ पसरावे, घडी घालून तव्यावर थेंबभर तुपात दोन्ही बाजूंनी भाजावे. पाच मिनिटांत खाऊ तयार. सणाच्या पुरणपोळीशी याची तुलना करू नये. तिचा मान तिला, याचा उपयोग याला.

भारतीय दुकान दूर असेल तर इथल्या बाजारातले पिवळे 'स्प्लिट पीज' चालतात. ते वाटाण्याचे असतात, हरभऱ्याचे नव्हेत, आणि लवकर गळतात. म्हणून कमी शिजवावेत आणि जास्त वेळ निथळावेत.

२. कॅनमधल्या चण्यांच्या वड्या

साहित्य : काबुली चण्यांचा १५ औंसांचा १ कॅन, पाव कप गूळ, २ मोठे चमचे तूप किंवा खोबरेल तेल, पाव कप सुके खोबरे, वेलची.

कृती : चणे चाळणीत ओतून नळाखाली चांगले धुवावेत. कॅनमध्ये मीठ बरेच असते. पाणी काढून धुतल्याने त्यातले ४० टक्क्यांच्या आसपास निघून जाते. 'नो सॉल्ट' लिहिलेला कॅन मिळाला तर उत्तमच. हाताने चोळून साले काढावीत (हे काम मुलांना द्यावे, आवडीने करतात). फूड प्रोसेसरमध्ये पाणी न घालता बारीक करावे. तुपावर मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे परतावे. कच्चट वास जाऊन भाजल्याचा वास आला पाहिजे, सगळी चव इथेच ठरते. मग गूळ घालून कडा सुटेपर्यंत ढवळावे, वेलची आणि निम्मे खोबरे मिसळावे. तूप लावलेल्या ताटात थापून वर उरलेले खोबरे दाबावे. गार झाल्यावर १२ वड्या पाडाव्यात. या बर्फीसारख्या कडक होत नाहीत, मऊच राहतात. एका वडीत गूळ चार-साडेचार ग्रॅम.

३. काळ्या बीन्सची ब्राउनी

लाडू पाहून नाक मुरडणारी मुलेही आपल्याच घरात आहेत. त्यांच्यासाठी ही युक्ती.

साहित्य : काळ्या बीन्सचा १ कॅन, ३ अंडी, ३ मोठे चमचे तेल, पाव कप कोको, अर्धा कप साखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, १ चमचा व्हॅनिला, चिमूटभर मीठ.

कृती : बीन्स धुऊन पूर्ण निथळाव्यात. सगळे साहित्य ब्लेंडरमध्ये घालून एकही दाणा न दिसेपर्यंत फिरवावे. दाणा दिसला की मुलांनी ओळखलेच! ८ इंची चौकोनी भांड्याला तेल लावून ओतावे आणि ३५० अंशांवर सुमारे २५ मिनिटे भाजावे. काडी घालून पाहावी. पूर्ण गार करून मगच कापावे. गरम असताना बीन्सची चव लागते, गार झाल्यावर लागत नाही. १६ तुकड्यांत प्रत्येकी सहा ग्रॅम साखर येते. यात मैदा नाही. अंडे न खाणाऱ्यांनी दुसरा क्रमांक गाठावा.

टिकवण्याबद्दल

साखर आणि गूळ पदार्थ टिकवतात. तेव्हा ते निम्म्यावर आणले की पदार्थ कमी टिकतो हे ओघानेच आले. वरचे तिन्ही प्रकार फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावेत. पुरण आणि ब्राउनी फ्रीझरमध्ये ठेवता येतात. रविवारी करून छोट्या डब्यांत भरून ठेवले की आठवडा निघतो.

शाळेच्या डब्यात देताना

इथल्या अनेक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा आणायला मनाई असते, त्यामुळे चिक्की आणि दाण्याचे लाडू बाद. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचीही मुख्य ॲलर्जीकारक पदार्थांत गणना होते, म्हणून संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटण्याआधी शिक्षकांना विचारावे. त्या यादीत आज नऊ पदार्थ आहेत. हरभरा आणि मूग त्यात नाहीत, पण दूध आहे, आणि तूप दुधाचेच. दुसऱ्या क्रमांकाच्या वड्या खोबरेल तेलात केल्या तर तोही प्रश्न मिटतो.

तरी एक लक्षात ठेवावे. शेंगदाणा हाही कडधान्यांचाच भाऊबंद आहे, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काही थोड्या मुलांना इतर डाळीही सोसत नाहीत. आपल्या मुलाचा वाढदिवस आहे म्हणून परक्या मुलाच्या हातावर काही ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारण्यात कमीपणा नाही. देशी दुकानातल्या पिठाच्या पाकिटावरची बारीक अक्षरेही वाचावीत. एकाच गिरणीत दाणे आणि बेसन दळले जात असेल तर तसे बहुधा लिहिलेले असते, पण तसे लिहिणे कायद्याने बंधनकारक नाही. ॲलर्जी गंभीर असेल तर कंपनीलाच विचारावे.

आणि एक इशारा

हे प्रकार सुक्या राजम्याचे करून पाहायचे कोणाच्या मनात आले तर थांबा. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात असे एक द्रव्य असते की चार-पाच दाण्यांनीही दोन-तीन तासांत जोरदार उलट्या होऊ शकतात. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळावा. कुकरमध्ये नीट शिजवला तरी चालेल. पण 'स्लो कुकर'मध्ये सकाळी कच्चा राजमा टाकून कामावर जाऊ नये. त्याची मंद आच हे द्रव्य घालवायला पुरत नाही. काळ्या बीन्स, पिंटो, नेव्ही या सगळ्या राजम्याच्याच जाती, तेव्हा त्यांनाही हाच नियम लावावा. कॅनमधले दाणे मात्र शिजलेलेच असतात, त्यांची काळजी नको.

ज्यांच्या मुलांना डाळींची सवय नाही त्यांनी पहिल्या दिवशी एकच वडी द्यावी. तंतू एकदम वाढले की पोट गुडगुडते. आठवड्याभरात सवय होते.

पाकिटातल्या खाऊवर रागावण्यात अर्थ नाही, घाईच्या दिवशी तोही लागतो. फक्त विकत घेताना मागची 'ॲडेड शुगर्स' ही ओळ वाचत जा. मोठ्या कंपन्यांना ती २०२० पासून छापावीच लागते. त्या आकड्याला चारने भागले की चहाचे चमचे मिळतात. हा हिशेब मुलांना शिकवा. दुकानात तीच मोठ्याने वाचून दाखवू लागतील आणि आपल्याला एखादे पाकीट परत ठेवावे लागेल!

तुमच्या घरी मूग, मटकी, चवळी, छोले यांचा काही गोड प्रकार होत असेल तर आम्हाला जरूर लिहा. गूळ किती ते वाटीच्या मापाने लिहा, 'अंदाजाने' नको. निवडक कृती पुढच्या अंकात देऊ.

गौरी-गणपतीच्या सर्वांना शुभेच्छा. मोदक पोटभर खा, पुरण अर्ध्या गुळाचे करून पाहा, आणि घरात कोणाला फरक कळला का तेही कळवा.