कंबरेचा पट्टा नंतर, आधी गाडीचा शॉकअप पाहा

कंबरदुखी हा उतारवयाचा आजार, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. माझ्या दवाखान्यात कंबर धरून येणाऱ्यांत वीस-बावीस वर्षांची मुलेही असतात. त्यांतल्या अनेकांची गाडी बाहेर उभी दिसते. पुढे वाकून चालवायची, मागची सीट उंच, स्पोर्ट्स पद्धतीची. नवा सायलेन्सर, रुंद टायर, स्टिकर, सगळे हौसेने लावलेले. मागच्या शॉकअपकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहिलेले नसते. पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी तिथे करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण चार ते सहा धक्क्यांना सर्वांत जास्त हादरते. तेवढ्या गतीचा हादरा शरीर जिरवत नाही, उलट वाढवते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. दर दोन मीटरवर असा उंचवटा असेल आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल, तर सेकंदाला साडेपाच धक्के बसतात. म्हणजे नेमके नको तेवढेच! त्यात पुन्हा पुढे वाकून बसणे. स्वीडनचे डॉ. नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांतील गादीत सुई घालून दाब मोजला होता. उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून बसल्यावर तो बराच जास्त भरला.

शॉकअपची स्प्रिंग धक्का झेलते आणि आतले तेल स्प्रिंगचे नाचणे थांबवते. २००८ साली भारतात आलेल्या यामाहा आर-१५ सारख्या गाड्यांना मधोमध एकच शॉकअप असतो. तो सीटखाली झाकलेला असल्याने तेल गळाले तरी पटकन दिसत नाही. गाडीची शेपटी जोरात दाबून सोडा. वर येऊन ती लगेच स्थिर झाली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप संपला असे समजा.

‘मिस्त्री, शॉकअप टाइट करून द्या’ हा आपला नेहमीचा उपाय. पण ती रिंग फिरवल्याने मुख्यतः गाडीची मागची बाजू उचलली जाते, स्प्रिंग काही कडक होत नाही. रिंग लावावी ती मोजून. मागचे चाक अधांतरी असताना आसापासून शेपटीवरच्या एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर घ्या, मग नेहमीसारखे गाडीवर बसून पुन्हा घ्या. चाकाच्या एकूण वरखाली हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतका फरक पडायला हवा. रिंग फिरवूनही तो जमत नसेल तर आपल्या वजनाची स्प्रिंग लागते. तुमचे वजन किती, डबलसीट कोण बसते, हे न विचारता शॉकअप विकणाऱ्याकडून तो घेऊ नये. वायूच्या दाबाचा असल्यास उत्तम, कारण लांबच्या खडबडीत रस्त्यावर तेल तापले तरी त्याला सहज फेस येत नाही. मात्र गाडी उंच दिसावी म्हणून लांब शॉकअप बसवणे हा शुद्ध वेडेपणा. भार मनगटांवर येतो, हँडल चंचल होते आणि साइड स्टँडही अपुरा पडतो.

मागे बसणाऱ्याचे हाल तर विचारूच नका. ती चिमुकली सीट जवळजवळ चाकाच्या डोक्यावर असते. घरातल्या गरोदर बाईला तिथे बसवू नये, शॉकअप कितीही भारी असला तरी.

आधी रस्ते सुधारा, मग आम्हाला सांगा, असे कोणी म्हणेल. मागणी रास्त आहे, ती जोरात करावी. पण उद्या सकाळी वणीला किंवा पुसदला जायचे आहे ते याच कंबरेने.

एक मात्र ध्यानात ठेवा. पाय बधिर होत असेल, पंजा उचलता येत नसेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर गॅरेज नव्हे, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.