महाजालावरील गर्दीचा हिशेब

महाजालावरून होणाऱ्या एकूण वाहतुकीपैकी सुमारे ३५ टक्के वाहतूक एकट्या बिटटॉरेंट या प्रणालीची आहे, असा अंदाज कॅशलॉजिक या ब्रिटिश कंपनीने २००४ च्या अखेरीस जाहीर केला. ई-मेल नव्हे, बातम्यांची संकेतस्थळे नव्हेत, तर सामान्य माणसे एकमेकांना देत असलेल्या फायलींनी महाजालाचा एवढा मोठा हिस्सा व्यापला होता. ज्या प्रणालीने हे घडवले ती ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये लिहिली होती. तिच्यामागे ना मोठे भांडवल होते, ना जाहिरात.

या आकड्याकडे पाहताना एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. असे आकडे देणाऱ्या कंपन्या बहुधा याच वाहतुकीला आवर घालणारी यंत्रे विकत असत. ताप मोजणारा आणि औषध विकणारा एकच, असा हा मामला. तरीही नेमकी टक्केवारी सोडली तरी कल वादातीत होता, आणि त्याचे कारण फायलींच्या संख्येपेक्षा त्या पोहोचवण्याच्या पद्धतीत दडले होते.

शॉन फॅनिंग या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने १९९९ मध्ये नॅपस्टर सुरू केले, तेव्हा गाणी सभासदांच्या संगणकांवर असत. कोणते गाणे कोणाकडे आहे याची यादी तेवढी नॅपस्टरच्या मध्यवर्ती संगणकावर असे. न्यायालयाने त्या यादीवरच बोट ठेवले आणि २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले. त्यानंतर आलेल्या प्रणालींनी मग मध्यवर्ती यादीवरचे अवलंबित्वच कमी करत नेले. बिटटॉरेंटने आणखी पुढचे पाऊल टाकले. मोठ्या फायलीचे शेकडो तुकडे करायचे, आणि ज्याच्या हाती जो तुकडा आला त्याने तो लगेच इतरांना द्यायला लागायचे. एरवी मागणारे वाढले की पुरवणाऱ्याची दमछाक होते. येथे मागणारे वाढले की पुरवणारेही वाढत. त्यामुळे शे-सव्वाशे रुपयांची सीडी परवडत नसलेल्या मुलालाही चित्रपट मिळू लागला, तसेच लिनक्ससारखी मोफत आज्ञावली वाटणाऱ्यांना महागड्या सर्व्हरची गरज उरली नाही.

अडचण झाली ती सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांची. घरोघरची ब्रॉडबँड जोडणी एका गृहीतकावर उभी होती : ग्राहक घेईल पुष्कळ, देईल थोडे. म्हणून माहिती घरात येण्याचा मार्ग रुंद आणि घरातून बाहेर जाण्याचा मार्ग अरुंद ठेवलेला असे. केबलच्या जाळ्यात तर हा अरुंद मार्ग आसपासच्या अनेक घरांत सामाईक. बिटटॉरेंटने प्रत्येक ग्राहकाला पुरवठादार केले आणि नेमका हाच मार्ग तुंबवला. आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रूपाने आला. बीएसएनएलच्या डेटावन सेवेतील काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर हिशेबात धरला जात नसे. पुण्या-नाशिकच्या कित्येक घरांत त्या काळी मध्यरात्रीनंतर संगणक सुरू राहत, ते याच सवलतीच्या भरवशावर.

अमेरिकेत मात्र प्रकरण चिघळले. कॉमकास्ट ही केबल कंपनी बिटटॉरेंटच्या जोडण्या गुपचूप तोडते, हे २००७ मध्ये उघडकीस आले. तिची पद्धत विलक्षण होती. दोन संगणकांचा संवाद चालू असताना मध्येच कंपनीचे यंत्र दोघांनाही 'बोलणे संपले' असा संदेश पाठवी, आणि तोही समोरच्याने पाठवल्यासारखा भासेल असा! ज्या ग्राहकाने हे प्रथम हुडकले तो कोणताही नवा चित्रपट वाटत नव्हता. स्वामित्व हक्काची मुदत संपलेली जुनी समूहगीते वाटत होता. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पडताळणीसाठी चक्क बायबलची प्रत पाठवून पाहिली. तीही अडली. चोरीला आळा घालतो, हा युक्तिवाद अशा वेळी लंगडा पडतो. यंत्राला चोर आणि साव यांतला फरक कळत नव्हता आणि कंपनीला तो कळून घ्यायचा नव्हता.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००८ मध्ये कॉमकास्टला दोषी धरले. २०१० मध्ये न्यायालयाने आयोगाला तो अधिकारच नाही, असे म्हणून आदेश रद्द केला. पण तारेचा मालक तारेतून काय जावे हे ठरवू शकतो का, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला. भारतात २०१६ मध्ये 'ट्राय'ने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, ती याच वादाच्या पुढच्या टप्प्यावर.

दरम्यान संगीत आणि चित्रपट कंपन्यांचे खटले चालूच होते. सप्टेंबर २००३ मध्ये अमेरिकी संगीत कंपन्यांच्या संघटनेने एकदम २६१ व्यक्तींवर दावे लावले. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने 'द पायरेट बे'शी संबंधित चौघांना एकेक वर्षाची शिक्षा सुनावली. त्याने फार काही थांबले, असे म्हणणे कठीण आहे. वाटा घटवला तो सोयीने. २०११ मध्ये सँडव्हाइन या कॅनडातील कंपनीच्या अहवालात उत्तर अमेरिकेत नेटफ्लिक्सने बिटटॉरेंटला मागे टाकले. (कॉमकास्टने जोडण्या तोडण्यासाठी वापरलेली यंत्रे याच सँडव्हाइनची होती, हे जाता जाता.) गंमत अशी की, स्पॉटिफायचे संस्थापक डॅनिएल एक हे त्याआधी म्यूटॉरेंट या लोकप्रिय बिटटॉरेंट आज्ञावलीच्या कंपनीचे काही काळ प्रमुख होते, आणि स्पॉटिफायवरील गाणी २०१४ पर्यंत अंशतः ग्राहकांच्याच संगणकांवरून एकमेकांना पुरवली जात. गुन्हेगार ठरलेले तंत्र परवाना घेऊन दुकानात बसले, एवढाच फरक.

अर्थात वाटा घटला म्हणजे देवघेव तितकीच घटली, असे नव्हे; व्हिडिओमुळे एकूण वाहतूकच अफाट फुगली. शिवाय चित्रपट आणि मालिका वेगवेगळ्या वर्गणीच्या कुंपणांत विभागल्या गेल्या, तशी जुनी सवयही पूर्णपणे सुटली नाही. २०१८ च्या सँडव्हाइन अहवालात घरांकडून बाहेर जाणाऱ्या जागतिक वाहतुकीत बिटटॉरेंटच २२ टक्क्यांसह पहिले होते.

ते स्थानही २०२४ च्या अहवालापर्यंत गेले. आता त्या अरुंद मार्गावरून बाहेर जातात ती मोबाइलमधून आपोआप चढवली जाणारी छायाचित्रे, क्लाउडवरच्या साठवणुकीच्या प्रती आणि व्हिडिओ कॉल. पूर्वी फाईल एका घरातून निघून थेट दुसऱ्या घरात पोहोचत असे. आता ती आधी कुठल्या तरी कंपनीच्या गोदामात जाते, आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला हवी असेल तरी बहुधा तेथूनच परत येते.