पेट्रोलाचा जमाखर्च आणि स्वाराची मूठ

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, पाण्याच्या पाळ्या व बाजारभाव यांविषयीं वेळोवेळीं विचार होत असतो. परंतु शेतकऱ्याच्या घरांत जो खर्च जवळजवळ रोज होतो आणि ज्याची नोंद बहुधा कोणत्याच वहींत सांपडत नाहीं, त्या मोटारसायकलीच्या पेट्रोलाविषयीं चर्चा झालेली माझ्या पाहण्यांत नाहीं. तालुक्याची कचेरी, सोसायटी, बाजार, दवाखाना, लग्नकार्य, एवढेंच नव्हे तर पंढरपूर-तुळजापूरची यात्रासुद्धां आतां याच वाहनावर होते. २०२१ च्या मे महिन्यांत मुंबईंत पेट्रोलाच्या दरानें लिटरामागें शंभरी ओलांडली, तेव्हांपासून तर हा खर्च नजरेआड करण्याजोगा राहिलेला नाहीं. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

हल्लीं चार मंडळी जमलीं कीं एकच तक्रार ऐकूं येते: पेट्रोलांत इथेनॉल मिसळूं लागल्यापासून गाडी पूर्वीसारखें ॲव्हरेज देत नाहीं. तक्रार करणारांत ऊस पिकविणारेही असतात, हें विशेष. ही मिसळ आपल्याकडे अगदींच नवी नव्हे. २००१ सालीं तिचा पहिला प्रयोग ज्या थोड्या ठिकाणीं झाला, त्यांत मिरज व मनमाड हीं दोन आपल्याच प्रांतांतलीं होतीं. तेव्हां प्रमाण शेकडा ५ होतें. २०२५ सालीं तें शेकडा २० वर पोंचलें. आपल्या उसाच्या मळीपासून व रसापासून निघालेला पदार्थ आपल्याच गाडीच्या टाकींत येतो आणि आपणच त्यास नांवें ठेवतों, असा हा प्रकार आहे.

तक्रार खोटी आहे असें मात्र मी म्हणत नाहीं. एक लिटर इथेनॉलांत पेट्रोलापेक्षां सुमारें एक-तृतीयांश उष्णता कमी असते. तेव्हां शेकडा २० मिसळ केली असतां लिटरामागील उष्णता शेकडा सहा-सात घटणार, हें त्रैराशिक कोणासही मांडतां येईल. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत दुचाकी वाहनांपुरती ही घट शेकडा ३ ते ४ धरलेली आहे. कारण दहा टक्के मिसळीस जुळवून घेतलेल्या गाड्यांचा त्यांत विचार आहे. समजा, एखादी गाडी लिटरास साठ किलोमीटर जात होती. तिच्यांत या हिशेबानें दोन-अडीच किलोमीटरांची तूट यावयाची. तूट ती तूटच. पण लोक सांगतात ती दहा-बारा किलोमीटरांची असते. मग उरलेले आठ-दहा किलोमीटर गेले कोठें?

मुलकी खात्यांत अनेक वर्षें कारकुनी केल्यामुळें नजरअंदाजाच्या आंकड्यावर माझा विश्वास बसत नाहीं. पैसेवारीच्या वेळीं बांधावरून पाहून सांगितलेलें पीक आणि कापणी-प्रयोगांत प्रत्यक्ष वजन करून आलेलें पीक यांत किती अंतर पडतें, हें वाचकांस ठाऊकच आहे. गाडीचें ॲव्हरेज आपण बांधावरूनच सांगतों. पंपावर जाऊन "शंभराचें टाक", "दोनशेचें टाक" असें म्हणण्याची आपली रीत. अशानें रुपयांचा हिशेब राहतो, लिटरांचा राहत नाहीं. खरा आंकडा काढावयाचा तर टाकी एका ठराविक खुणेपर्यंत भरावी, मीटरवरील किलोमीटर टिपून ठेवावेत, आणि पुढच्या खेपेस शक्य तोंवर त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हां भरावी. मधल्या किलोमीटरांस दुसऱ्या वेळीं बसलेल्या लिटरांनीं भागावें. एका भरणीवर निकाल देऊं नये. लागोपाठ तीन-चार भरण्यांची सरासरी घ्यावी. हें करून पाहणारा बहुधा दोन गोष्टी शोधून काढतो. एक, गाडी पूर्वीं साठ देत होती हें त्यानें कधीं मोजलेलेंच नव्हतें. दुसरी, त्याच गाडीवर बाप व मुलगा यांचे आंकडे निराळे येतात.

हें दुसरें कसें घडतें तें नीट पाहण्यासारखें आहे. मोटारसायकलीवरचा मनुष्य उघड्या वाऱ्यांत बसलेला असतो. वारा कापीत जाण्यास सोईचा असा त्या वाहनाचा आकारच नव्हे. वेग वाढला कीं वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४० किलोमीटरांस जो विरोध, तो ६० ला सव्वादोनपट व ८० ला चौपट होतो. पेट्रोल अगदीं चौपट लागत नाहीं, कारण चाकांचें घर्षण व इंजिनाचा स्वतःचा खर्च कांहींसा ठरलेला असतो. तरी लांबच्या सडकेवर जो फरक पडतो तो इथेनॉलाच्या तीन-चार टक्क्यांस सहज झांकून टाकतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघ या सरकारी संस्थेनें मोटारगाड्यांविषयीं सांगून ठेवलें आहे कीं ८० च्या वेगापेक्षां ४५ ते ५५ च्या वेगानें गेल्यास शेकडा ४० पर्यंत अधिक अंतर तोडतां येतें. मोटारगाडीस निदान बंद काया तरी असते. आपण तर अंगावर फडफडणारा रेनकोट, हँडलला दोन पिशव्या आणि मागें आडवा बांधलेला कडब्याचा भारा घेऊन ऐंशीनें जातों!

वेगाइतकाच खर्च वेगाच्या चढउतारानें होतो. आपल्या रस्त्यांवर दर कांहीं अंतरावर गांव, गतिरोधक, जनावरें आणि हंगामांत उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात. (या ट्रॉल्यांस रात्रीं मागें दिवा वा चकाकणारी पट्टी नसते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तूर्त एवढेंच कीं तो प्रश्न पेट्रोलाचा नसून जिवाचा आहे.) अशा रस्त्यावर मूठ पिळून ऐंशी गांठावयाचे आणि दोनशें पावलांवर करकचून ब्रेक दाबावयाचा, म्हणजे पेट्रोल जाळून मिळविलेला वेग उष्णतेच्या रूपानें ब्रेकांत फेकून द्यावयाचा. पुढचा अडथळा दुरून पाहून जो आधींच मूठ सोडतो, त्याचे ब्रेकही टिकतात आणि तालुक्यास पोंचण्यांत त्याची फार तर कांहीं मिनिटें जातात.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. घाट उतरतांना गाडी न्यूट्रल करून सोडण्याची चाल आपल्याकडे फार. खंबाटकीस असो वा कुंभार्लीस, तरुण मंडळी यास मोठी काटकसर समजतात. २०२० च्या एप्रिलनंतर विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारसायकलींस कार्ब्युरेटर नसून फ्युएल इंजेक्शन असतें. अशी गाडी गिअरमध्यें असतांना मूठ पूर्ण सोडली कीं, इंजिन कांहींसें वेगांत फिरत आहे तोंवर, पेट्रोलाचा पुरवठाच थांबतो. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन चालू राहण्यासाठीं पेट्रोल घेतच राहतें. म्हणजे गिअरमध्यें उतरण्यांत पेट्रोल वांचतें आणि इंजिनाचा लगामही हातीं राहतो. न्यूट्रलमध्यें दोन्ही जातात. जुन्या गाडीवाला इंजिन बंद करून उतरतो, त्यास थेंब-दोन थेंब वांचत असतील. पण सारा भार तापलेल्या ब्रेकांवर टाकून, मागें बायको-मूल बसवून हा व्यवहार करणें मला तरी पटत नाहीं.

गाडीच्या निगेविषयीं फार लिहीत नाहीं, कारण तें मिस्त्री सांगतोच. टायरांत हवा कमी, चेन कोरडी, ब्रेकच्या पायट्यावर सदोदित ठेवलेला पाय आणि धुळीनें बुजलेला एअर फिल्टर हीं चार कारणें बहुतेक वेळीं पुरेशीं असतात. शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकांत लिहिलेल्या मुदतीच्या आधींच पाहिला पाहिजे. २०२३ च्या एप्रिलपूर्वींची गाडी असल्यास पेट्रोलाच्या मार्गांतील रबरी नळ्या व वायसर मिस्त्रीकडून एकदां तपासून घ्यावेत, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतें म्हणून पावसाळ्यांत गाडी महिनोन् महिने उभी ठेवूं नये.

दोन चाकांवरून तीन चाकांवर येऊं. अमेरिकेंत लांबच्या प्रवासाकरितांच बांधलेल्या अवजड मोटारसायकली आहेत. होंडा कंपनीची गोल्ड विंग १८३३ घन-सेंटिमीटरांची, सहा नळकांड्यांची; तिची टाकी २१ लिटरांची व कंपनीचाच आंकडा लिटरास सुमारें १८ किलोमीटर. हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड ही २००९ पासूनची तीनचाकी तर वजनानें साडेपांचशें किलोंच्या वर आहे. तीनचाकींत तोल सांभाळावा लागत नाहीं, म्हणून वयस्क स्वारांस ती आवडते. परंतु वजन वाढतें, मागची रुंदी वारा अडविते, तिसरा टायर घांसतो, आणि तेवढें पेट्रोल अधिक लागतें. आपल्याकडे अशी तीनचाकी शौकापुरतीही क्वचितच दिसते. आपली तीनचाकी म्हणजे माल वाहणारा टेम्पो. (हें नांवही मूळ जर्मनींतील टेम्पो कारखान्याचें, त्याच्या तीनचाकी गाड्या येथें बनूं लागल्यावर शब्द मराठींत कायमचा राहिला.) तिलाही नियम तेच. उंच रचलेल्या क्रेटांवर ताडपत्री सैल सोडून धांवणारा टेम्पो वाऱ्याशीं कुस्ती खेळत असतो, आणि ती कुस्ती टमाट्याच्या पट्टींतून वजा होते.

आतां सरकारविषयीं. मिसळ नको, शुद्ध पेट्रोलाचा पर्याय ठेवा, अशी मागणी करणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२५ रोजीं फेटाळला. ऊसवाल्यांनीं त्या मागणींत सामील व्हावें असें मला मुळींच वाटत नाहीं. परंतु ज्या अहवालाचा वर उल्लेख केला, त्यांतच असेंही सुचविलेलें आहे कीं मिश्र इंधनांत उष्णता कमी असल्यामुळें त्याची किरकोळ किंमतही कमी असावी. ही सूचना न्याय्य आहे. वजनांत तूट असलेला माल पूर्ण भावानें घ्या, असें आपणांस आडत्यानें सांगितलें तर आपण ऐकून घेऊं काय? आपल्या संघानें मागावयाचें तें हेंच.

मात्र असा अर्ज कानोकानीं ऐकलेल्या आंकड्यांवर करतां येत नाहीं. कचेरींत असे अर्ज किती वेळ टेबलावर राहतात व मग कोठें जातात हें मीं पाहिलेलें आहे. म्हणून सभासदांस विनंति कीं साध्या वहींत पांच रकाने आंखावेत: तारीख, मीटरचा आंकडा, भरलेले लिटर, दिलेले पैसे आणि शेरा. शेऱ्यांत स्वार कोण, एकटा कीं डबलसीट, ओझें होतें काय, रस्ता घाटाचा कीं सपाटीचा, एवढें लिहावें. गाडीचें सालही पहिल्या पानावर असावें. सहा महिन्यांनीं अशा वीस-पंचवीस वह्या जरी संघाच्या कार्यालयांत जमा झाल्या, तरी अर्जास जोडण्याजोगा तक्ता तयार होईल. तो तक्ता मांडून देण्याचें काम मी आनंदानें करीन.