बंद शाळांचें देणें

दुकानास कुलूप लागलें म्हणून दुकानदाराचें देणें फिटत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. कुलूप महिनाभर असो वा वर्षभर असो, वहींतील बाकी बाकीच राहते व तिजवर व्याज चढत जातें. हा रोजच्या व्यवहारांतला नियम शाळाखात्यास मात्र कोणी लावून पाहिलेला दिसत नाहीं. कोविडच्या साथींत शाळांस टाळें लागलें. तें पुढें निघालें. आणि तें निघालें त्याच दिवशीं मागचें खातेंही पुरें झालें, अशी समजूत सरकारनें व आपण सर्वांनीं करून घेतली आहे. ही समजूत खोटी आहे, आणि ती दूर झाल्यावांचून पुढच्या साथीची तयारी झाली असें म्हणतां येणार नाहीं, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

प्रथम नोंदी पाहूं. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्रांतील शाळा बंद होऊं लागल्या व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या वेळीं शाळा मिटल्या याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. रोग नवा होता, लस नव्हती, आणि पुढें या एका राज्यांत एक लाख अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक माणसें त्या रोगानें दगावलीं. अशा प्रसंगीं सावधगिरीची थट्टा करणें शहाण्यास शोभत नाहीं. दोष आहे तो पुढच्या क्रमाचा. ५ ऑक्टोबर २०२० रोजीं उपाहारगृहें व मद्यगृहें उघडलीं. नववी ते बारावीच्या वर्गांस परवानगी मिळाली ती २३ नोव्हेंबर रोजीं. पांचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले न झाले तोंच दुसऱ्या लाटेनें पुन्हां मिटले. पहिली ते चौथीच्या मुलांस तर १ डिसेंबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. मुंबई-पुण्यास आणखी दोन आठवडे लागले. आणि जानेवारी २०२२ मध्यें दारें पुन्हां लागलीं. डेन्मार्क देशानें १५ एप्रिल २०२० रोजींच शाळा उघडण्यास आरंभ केला, व तो सर्वांत लहान मुलांपासून केला. तेथील व येथील परिस्थिति एक नव्हती हें खरें. परंतु ज्या मुलास स्वतः वाचतां येत नाहीं त्यास गुरूची गरज अधिक, हें तत्त्व दोन्ही देशांस सारखेंच लागू आहे. आपण क्रम उलटा लावला. मद्याचा पेला आधीं आणि पाटी मागून, असा निवाडा ज्या समाजांत होतो त्यानें आपल्या शहाणपणाची झडती घेतली पाहिजे.

आतां कायदा पाहूं. संविधानाच्या २१-अ या कलमानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आहे. त्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या परिशिष्टांत पहिली ते पांचवीसाठीं वर्षास २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठीं २२० दिवस व १,००० तास, असें अध्यापनाचें माप घालून दिलें आहे. २०२०-२१ या वर्षीं महाराष्ट्रांतील पहिलीच्या मुलाच्या वांट्यास शाळेंत बसून त्यांतला एक तासही आला नाहीं. एका मुलाचें, एका वर्षाचें, आठशें तासांचें हें देणें आहे.

उलट ज्या कायद्याच्या आधारें टाळें लागलें तो पाहा. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला व ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा झाला. त्यानंतर पांचव्याच आठवड्यांत, १० मार्च रोजीं, पुण्यास प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. सरकारनें त्या वर्षीं अधिकार घेतला. ज्या बाईनें अर्धशतकापूर्वीं मुलींस अक्षरें शिकविलीं तिनें कर्तव्य घेतलें. मूळ कायद्याचीं कलमें अवघीं चार. दुसऱ्यांत सरकारास हवे ते उपाय योजण्याची मुभा आहे, तिसऱ्यांत आज्ञा मोडणारास शिक्षा आहे, चौथ्यांत सद्‌बुद्धीनें वागणाऱ्या अधिकाऱ्यास दाव्यापासून संरक्षण आहे. आज्ञेमुळें ज्याचें नुकसान होईल त्यास काय द्यावें, याविषयीं एक अक्षर नाहीं. परकी सरकारनें असा कायदा करावा यांत नवल नाहीं; नवल हें कीं सुमारें सव्वाशें वर्षांनीं स्वराज्यांत तोच कायदा तसाच उपयोगास आला. २०२० सालीं त्यांत वैद्यकीय सेवकांच्या संरक्षणाची दुरुस्ती झाली, ती योग्यच होती. पण मुलांचें नांव तेव्हांही त्यांत शिरलें नाहीं. आपत्ति व्यवस्थापनाच्या २००५ च्या मूळ कायद्याचें १२ वें कलम निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, विधवा व अनाथ यांचा विचार करितें. शिक्षणाचा शब्द तेथेंही नाहीं. सारांश, शाळा मिटण्याचा अधिकार कायद्यांत आहे, मिटल्यावर मुलाचें काय करावयाचें तें कर्तव्य कायद्यांत नाहीं. सगळ्या अनर्थाचें मूळ येथें आहे.

तें कर्तव्य नसल्यामुळें जें झालें तें वाचकांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. गरिबाच्या मुलास शाळा हें जेवणाचेंही ठिकाण आहे. शिजविलेलें अन्न शाळेंत द्यावें, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं दिला होता, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें त्यास बळकटी आली. तरीही शाळा मिटतांच त्या ताटाचें काय, हा प्रश्न १८ मार्च २०२० रोजीं न्यायालयास आपण होऊन विचारावा लागला. पुढें कोरडा शिधा वांटण्याची सोय झाली. परंतु शिजलेलें ताट मुलाच्या पुढ्यांत येतें, आणि घरीं आलेला शिधा साऱ्या घराच्या भुकेंत विभागला जातो, हा भेद गृहिणीस तरी समजावून सांगावा लागणार नाहीं.

शिक्षण घरबसल्या मोबाइलवर देऊं, असें सांगण्यांत आलें. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या मोजणीप्रमाणें इंटरनेटची सोय शहरांत शंभरांपैकीं सुमारें ४२ घरांत व खेड्यांत सुमारें १५ घरांत होती. हा आंकडा सरकारच्याच दप्तरांतला. शंभरांपैकीं पंचायशीं घरांस जें दार नाहीं त्या दारानें विद्या पाठवावयाची, ही योजना नव्हे, मनाची समजूत आहे. ज्या घरांत यंत्र होतें तेथेंही तें एकच, आणि तें बापाबरोबर कामावर जाणारें. २०२१ सालीं दहावीची परीक्षा रद्द होऊन निकाल ९९.९५ टक्के लागला. माल न मोजतां भरलेल्या पावतीस आमचे व्यापारी बंधु जितकी किंमत देतील तितकीच आम्ही या निकालास देतों. त्यांत मुलांचा अपराध कांहीं नाहीं. खरा माल किती कमी भरला, हें मागाहून तरी मोजावयास हवें होतें.

मध्यम स्थितींतील कुटुंबांस फीचा प्रश्न पडला. धंदे बसले, पगार तुटले, आणि शाळेची मागणी मात्र पूर्ण. अखेर ३ मे २०२१ रोजीं राजस्थानच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें पंधरा टक्के सूट ठरविली, व फी थकली म्हणून मुलास वर्गाबाहेर काढूं नये असें बजावलें. ऑगस्टांत महाराष्ट्र सरकारनेंही तितकीच सूट जाहीर केली. निवाडा न्याय्य होता, पण साथीच्या चवदाव्या महिन्यांत आला. उशिरा आलेल्या न्यायाचें ओझें पालकानें वाहिलें, आणि लहान खाजगी शाळांतील ज्या शिक्षकांचे पगार थांबले त्यांनींही वाहिलें.

सर्वांत जड ओझें मुलींवर पडलें. टाळेबंदीपूर्वींच, २०१९ सालीं, महाराष्ट्रांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं २१.९ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठरा वर्षांच्या आंत झालेलीं आढळलीं. ज्या प्रांतांत पांचांपैकीं एका मुलीची ही गत, तेथें शाळा हीच बालविवाहाविरुद्धची पहिली भिंत असते. रोज हजेरी घेणारा शिक्षक हा त्या मुलीचा न नेमलेला पालक होय. हजेरी थांबली कीं ती मुलगी कोणाच्या हिशेबांत राहात नाहीं, आणि खाणारें एक तोंड कमी करण्यास घर मोकळें होतें.

व्याज किती चढलें तेंही पाहूं. 'असर' या पाहणीप्रमाणें देशाच्या ग्रामीण भागांतील तिसरीच्या मुलांपैकीं दुसरीचें पुस्तक वाचूं शकणारीं मुलें २०१८ सालीं २७.३ टक्के होतीं, तीं २०२२ सालीं २०.५ टक्क्यांवर आलीं. पांचवींत हें प्रमाण ५०.५ वरून ४२.८ वर घसरलें. २०२४ सालीं तिसरीचा आंकडा पुन्हां २७.१ झाला, व नुकसान भरून निघालें असा डंका वाजला. पण २०२४ सालीं तिसरींत असलेलीं मुलें हीं शाळा उघडल्यावर पहिलींत आलेलीं. नव्या गिऱ्हाइकाचें खातें चोख आहे म्हणून जुन्याची बाकी फिटली, असें कोणता मुनीम म्हणेल? ज्याची पहिली २०२०-२१ सालीं बुडाली तो मुलगा २०२५-२६ सालीं सहावींत गेला, आणि २०३० सालीं दहावीस बसेल. पालकांकडे बोट दाखवितां येणार नाहीं: त्याच २०२२ च्या पाहणींत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपैकीं ९८.४ टक्के मुलें शाळेच्या पटावर होतीं. घरांनीं आपलें काम केलें. आतां देणेकऱ्याची पाळी आहे.

तो देणेकरी काय करीत आहे? डिसेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें पांचवीस व आठवीस वार्षिक परीक्षा घालून दिली, व पुनर्परीक्षेंतही न उतरणारास त्याच वर्गांत ठेवण्याची तरतूद केली. परीक्षेस आमचा विरोध नाहीं. परंतु आठशें तास ज्यास दिले नाहींत त्याच मुलास २०२४-२५ सालीं पांचवींत अडविण्याचा, व २०२७-२८ सालीं आठवींत पुन्हां अडविण्याचा अधिकार सरकारास कोणत्या न्यायानें पोंचतो? ज्यानें स्वतः करार मोडला त्यानें दुसऱ्याकडून दंड मागूं नये, हें कायद्याच्या पहिल्या धड्यांतलें तत्त्व आहे.

काय करतां आलें असतें हें लोकांनीं दाखविलें. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलिमिली' या नांवानें लहान मुलांचे पाठ दाखविण्यांत आले. पालघर जिल्ह्यांत दांडवळसारख्या वाड्यांवर भोंग्यांतून धडे ऐकविले गेले. सोलापुरच्या नीलमनगरांत शिक्षकांनीं कामकऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर अक्षरें व गणितें रंगवून गल्लीचीच शाळा केली. भिंत, भोंगा आणि चार पावलें चालणारा शिक्षक, यांस इंटरनेट लागत नाहीं. जें कांहीं शिक्षकांनीं आपल्या हिमतीवर केलें तें प्रत्येक तालुक्यांत हुकमानें व पैशानें व्हावयास हवें होतें.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली: साथरोगाच्या कायद्यांत असें कलम घालावें कीं शाळा मिटण्याच्या आज्ञेंतच तिची मुदत, दर पंधरा दिवसांनीं फेरविचार, पहिल्या आठवड्यापासून अन्नाची सोय, फीची सूट व शिक्षकांच्या घरभेटी नमूद नसतील तर ती आज्ञाच निरर्थक ठरेल; शाळा सर्वांच्या शेवटीं मिटावी, सर्वांच्या आधीं उघडावी, व लहान वर्गांपासून उघडावी. दुसरी: २००९ च्या कायद्याच्या चौथ्या कलमांत शाळेबाहेर राहिलेल्या बालकास विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे, तोच हक्क टाळेबंदींत प्राथमिक वर्ग बुडालेल्या प्रत्येक मुलास द्यावा, शाळेनें अशा मुलांची नांवनिशीवार यादी करावी, आणि तें प्रशिक्षण दिल्याचें दाखविल्यावांचून त्यांतील एकासही मागें ठेवूं नये. तिसरी: साथींत आई किंवा बाप गमावलेलीं मुलें व शाळा सोडलेल्या मुली यांचा स्वतंत्र पट प्रत्येक नगरपालिकेनें व ग्रामपंचायतीनें ठेवावा. दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नांवें सरकारनें पांच लाखांची ठेव ठेविली, हें योग्य झालें; परंतु एकटा मिळवता बाप गेला त्या घरचें पोरही दुकानावर कामास लागतें, त्याची चौकशी कोणी करावयाची?

पैसा कोठून आणावा, असा आक्षेप येईल. आमचें उत्तर असें कीं हा नवा खर्च नव्हे, थकलेलें देणें आहे. आणि देणेकऱ्यानें तिजोरी रिकामी असल्याचें सांगितलें म्हणून कोणत्याही न्यायालयांत दावा निघत नाहीं. तोंवर नागरिकांनींही हात बांधून बसूं नये. प्रत्येक पेठेंत एखादें मंगल कार्यालय, धर्मशाळा किंवा देवळाचा सभामंडप संध्याकाळीं रिकामा असतो. दिवा, सतरंजी आणि एका शिकलेल्या तरुणाचें मानधन एवढी तरतूद व्यापारी मंडळांनीं केली, तर गुमास्त्यांचीं व हमालांचीं मुलें रोज तासभर तेथें वाचावयास बसतील. सरकारचें काम आपण अंगावर घ्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. आपण आपला वांटा उचलला म्हणजे सरकारकडे त्याचा वांटा ताठ मानेनें मागतां येतो.

पुढची साथ केव्हां येईल तें कोणास ठाऊक नाहीं. ती येईल हें मात्र १८९७ व २०२० या दोन वर्षांनीं शिकविलें आहे. मुलांस मतें नसतात, त्यांचे मोर्चे निघत नाहींत, म्हणून त्यांचें देणें दप्तरांत दबून राहतें. त्यांच्या वतीनें तगादा लावणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे, आणि तो तगादा आठशें तासांचा हिशेब चुकेपर्यंत थांबूं नये.